तिसरा उजवीकडे

सहापैकी पाच पहारेकरी डावीकडे वळले. तिसरा उजवीकडे वळला. ठरल्याप्रमाणे.

साबणाच्या कारखान्याचे व्यवस्थापक खिशात रुमाल शोधू लागले. त्यांच्या शेजारी कालच रुजू झालेले सुरक्षाप्रमुख, एक निवृत्त कर्नल, हात पाठीमागे बांधून उभे होते. त्यांच्या मिशीचा एक केसही हलला नाही. समोर हुकूम सोडत होता गेटवरचा मुख्य पहारेकरी. सगळा कारखाना त्याला हवालदार म्हणायचा. हवालदार मनाने केव्हाच घरी पोचला होता आणि नोकरी गेल्याचं बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं, याची जुळवाजुळव करत होता.

हवालदार फौजेत कधीच नव्हता. तरुणपणी दोनदा भरतीला गेला आणि सपाट तळव्यांपायी दोनदा परत आला. दुसऱ्या खेपेला तोंड लपवायला म्हणून तो समोरच्या थिएटरात शिरला. आत फौजेवरचा एक जुना विनोदी सिनेमा चालू होता. पडद्यावर एकजात बावळट शिपायांची तुकडी होती. कुणाचे पाय इतरांबरोबर पडत नव्हते, कुणाला बंदूक कुठल्या टोकाने धरायची ते ठाऊक नव्हतं, आणि तरी त्यांना कुणी घरी पाठवत नव्हतं. हवालदार हसता हसता रडला. आपली वर्णी लागली असती तर याच फौजेत, असं त्याचं त्या दिवशी ठाम मत झालं.

तेव्हापासून तीस वर्षं तो असले सिनेमे जमवत होता. काळे-पांढरे, ओरखडे पडलेले, आवाज चिरकणारे. बायको म्हणायची, आपल्या घरात भांडी कमी आणि शिपाई जास्त. पण रविवारी दुपारी सेनापतीच्या अंगावर तंबू कोसळायच्या आधीच तिचं हसू फुटायचं.

सिनेमे अंगात इतके भिनले होते की गेट बंद करतानाही तो 'मोर्चा सांभाळला' म्हणायचा. त्यावरून कारखान्याने समजूत करून घेतली की गडी फौजेतून आलाय. त्याने कधी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं.

ते गेल्या आठवड्यात अंगाशी आलं. व्यवस्थापकांनी त्याला बोलावून सांगितलं की कर्नलसाहेब येतायत, तुम्ही फौजेतले, तेव्हा पोरांकडून एक झकास कवायत बसवून घ्या. साहेबांना पसंत पडली नाही, तर गेटचं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. सगळ्यांच्या घरची चूल त्या कवायतीवर येऊन टेकली.

हवालदाराला कवायत येत होती, पण सिनेमातली. त्यातलं बरोबर कुठलं आणि चूक कुठलं, हे त्याला हसू आल्याशिवाय कळायचं नाही, आणि काळजीपायी हसू येईनासं झालं होतं. नमुना म्हणून त्याने डब्याच्या सुट्टीत सहाजणांना केबिनमध्ये बसवून सिनेमा दाखवला. तिथेच घोळ झाला. त्यांनी तो पाठ्यपुस्तकासारखा बघितला. एकही हसला नाही. तिसऱ्याने तर वहीत लिहून घेतलं. सिनेमातला तिसरा उजवीकडे वळतो, म्हणून तोही वळू लागला. ती गंमत आहे, असं हवालदाराने परोपरीने सांगून बघितलं. फौजेत उगीच काही नसतं, यावर तिसरा अडून बसला. एकदा दम देऊन त्याला डावीकडे वळवलं, तर त्याला चुकवायची सवय झालेले बाकीचे पाच एकमेकांवर आदळले. शेवटी हवालदाराने नाद सोडला. खरं सांगायचं तर त्यांची ती चूक इतकी बिनचूक बसली होती की ती मोडायला त्याचा जीव होईना.

आता त्याने सगळ्यांना पुन्हा समोर वळवलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून सलामीचा हुकूम दिला. तिसऱ्याची टोपी पडली आणि घरंगळत गेली. त्याने शांतपणे चौथ्याची काढून आपल्या डोक्यावर चढवली. चौथ्याने पाचव्याची घेतली, पाचव्याने सहाव्याची. सहाव्याचा हात डावीकडे गेला. तिथे कुणीच नव्हतं. हात हवेत चाचपत राहिला.

कर्नल सावकाश चालत रांगेपाशी आले. ही कवायत कुणी बसवली, असं त्यांनी विचारलं. हवालदार एक पाऊल पुढे झाला.

"मी, साहेब. पण मी फौजेत नव्हतो. तळवे सपाट आहेत माझे. हे सगळं सिनेमातलं आहे. पोरांची काही चूक नाही."

व्यवस्थापक तेवढ्यात पुढे सरसावले. बाहेरच्या कंपनीचा माणूस दुपारीसुद्धा भेटायला तयार आहे, असं ते सांगू लागले. कर्नलांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग ते रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेकाकडे बोट करत, मोजत गेले.

"एक माणूस कमी आहे," ते म्हणाले.

व्यवस्थापकांनी खुलासा केला की कमी वगैरे कुणी नाही, पटावर सहाच आहेत.

"पटावर असतील. सिनेमात सात होते," कर्नल म्हणाले, आणि सहाव्याच्या हाताला आपली टोपी लागेल अशा बेताने त्याच्या डावीकडे जाऊन उभे राहिले.