बांधावरचा शेजारी

शेजारी हल्ली रोज सकाळी बांधावर येऊन उभा राहायचा. नुसता तिच्या वांग्यांकडे बघत राहायचा. एकदा तर त्यानं खाली वाकून मूठभर माती उचलली, चुरली आणि चक्क हुंगली. ती लग्न होऊन आली तेव्हा हे रान नुसतं दगडांचं होतं. एकेक दगड वेचून, शेणखत घालून तिनंच ते कसदार केलं होतं.

"त्या माणसाचा डोळा आहे आपल्या जमिनीवर. जरा खडसवा त्याला," ती नवऱ्याला म्हणाली.

"तुला ना, सगळ्यांचाच संशय," ताटावरून मान वर न करता तो म्हणाला.

वांग्यांचा शेवटचा तोडा झाला आणि दुसऱ्याच दिवशी शेजारी पहार घेऊन थेट रानात शिरला, कुंपणासाठी खड्डे खणू लागला. ती तरातरा धावत गेली.

"भावजी, कुणाला विचारून खणताय? मी जिवंत आहे तोवर इथलं ढेकूळसुद्धा हलू देणार नाही!"

त्यानं पहार खाली ठेवली. तिच्याकडे बघवेना त्याला.



"वहिनी, लावणीच्या आधीच दादांनी ही जमीन मला विकली. 'पीक निघेपर्यंत थांब, तिला मीच सांगतो,' म्हणाले होते."