रविवारची किल्ली

निळा! बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. लिलीच्या कांद्याच्या पाकळीवर, सुरीने पाडलेल्या जखमेच्या कडेला, टाचणीच्या डोक्याएवढे सात निळे ठिपके होते. म्हणजे जिवाणूने आपल्याजवळचं निळा रंग आणणारं जनुक पाकळीत पोचवलं होतं. दोन वर्षं हे ठिपके बाईंच्या हातावर तुरी देत आले होते. या महिन्यात दिसले नसते, तर कामच गुंडाळायचं ठरलं होतं.

"या खेपेला वेगळं काय केलंत?" प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं.

काहीच नाही. तोच जिवाणू, तेच कांदे. शुक्रवारी कापायचे, जिवाणूच्या पाण्यात बुडवायचे आणि तीन दिवस काचेच्या बश्यांत, गार खोलीत अंधारात ठेवायचे. उलट या रविवारी तापामुळे बाई आल्यासुद्धा नव्हत्या.

सरांनी त्या खोलीच्या तापमानाचा कागद टेबलावर पसरला. दोन वर्षं असे कागद त्याच खोलीत टांगलेले होते, पण कुणी पाहिले नव्हते. काखेत कळसा अन् गावाला वळसा. रेघ सरळ चालली होती आणि दर रविवारी अकरा ते पाच उंटाच्या पाठीसारखी वर चढत होती. फक्त हा रविवार सपाट होता.

"तीस अंशांवर गेलं की जिवाणू हातपाय गाळतो. जगतो, पण जनुक देत नाही. रविवारी एसी कोण बंद करतं?"

बाईंचा चेहरा उतरला.

"मीच. गारठ्यानं गुडघे धरतात हो."

नवरा गेल्यापासून रविवारी घर त्यांना खायला उठायचं. म्हणून त्या इथे यायच्या, एसी बंद करायच्या, डबा खायच्या आणि झाकलेल्या बश्यांशी बोलत बसायच्या. परदेशातल्या मुलाचा फोन आला नाही, हेही त्यांनाच सांगायच्या. 'कामात आहे, नंतर बोलतो' असं बश्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

बाईंनी पर्समधून खोलीची किल्ली काढून सरांपुढे ठेवली. मग वही उघडली. जनुक पोचण्यावर कशाकशाचा परिणाम होतो, त्याची यादी होती: जखम, जिवाणूंचं प्रमाण, दिवस, तापमान. त्याखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात एक ओळ वाढवली.

'रविवारी बश्यांना कोणाचीही सोबत नसावी.'