लात्राचा गुडघा

गुडघा वाकला पस्तीस अंश.

“गिळली?”

“गिळली.”

“आ करा बघू, मेमे.”

मेमे म्हणजे आई. अस्तिनी सासूला तशीच हाक मारायची. सुकर्तीने तोंड उघडलं. तोंडात काहीच नव्हतं. गोळी दोन बोटांच्या बेचक्यात होती, पण सात महिन्यांच्या पोटाने सुनेला फार वाकता येत नव्हतं.

“सकाळ-संध्याकाळ एकेक. दुखायची वाट बघायची नाही, डॉक्टरांनी बजावलंय. सूज उतरली तर गुडघा वाकेल. नाहीतर नवा गुडघा बसवून शोभेला ठेवायचाय का?”

“तू सून आहेस की फौजदार?”

“तुम्ही चोरासारखं वागता, मग मी काय करू?”

केळं घातलेला तांदळाचा वाफवलेला गोळा आणि कॉफी ठेवून अस्तिनी हसत गेली. सुकर्तीने चमच्याने गोळीची पूड केली, तांदळाच्या गोळ्यात कालवली आणि बशी नवऱ्याच्या, लात्राच्या तसबिरीपुढे सरकवली. शेजारी कॉफी. वर एक चाफ्याचं फूल.

“घ्या,” ती म्हणाली. “आता मी नाही म्हणणार नाही.”

*

तीस अंश. व्यायाम करताना उशी चावली.

लात्राला जाऊन तीन वर्षं झाली. शेवटच्या वर्षी त्याचा गुडघा नारळाएवढा सुजला होता. दुकानातून एक गोळी आण, म्हणायचा. ती म्हणायची, “चिखलणी आली की बरा दुखतो तुमचा गुडघा! आख्ख्या बालीत असा नाटक्या सापडायचा नाही.”

आता तिचाच पाय सळई तापवून खुपसल्यासारखा ठणकत होता. आता कळत होतं.

*

अठ्ठावीस.

सुनेला दिवस गेल्यापासून तो दुपारच्या झोपेत यायचा. अंगणाच्या दारातून, पाय ओढत. खर्र. खर्र. त्याला आपल्याच घरात पुन्हा जन्माला यायचं होतं. गावच्या बालियाननेही, म्हणजे भगतानेही, अंगात आल्यावर तेच सांगितलं होतं. पण माणूस जे दुखणं घेऊन जातो, तेच घेऊन परततो, असं सुकर्तीची आई म्हणायची.

म्हणजे बाळ लंगडं येणार. आणि त्याला गोळी नाकारणारी बाई त्याला मांडीवर घेणार.

म्हणून रोज दोन गोळ्या. तिच्या वाटच्या.

बशी तासाभरात रिकामी व्हायची. उंबऱ्याशी कोंबड्या घुटमळत. पितरांनी सार घेतलं की उरलेल्या भाताला कोण विचारतं?

*

पंचवीस. अस्तिनी चिडली. “उलटाच चाललाय हा गुडघा! मेमे, खरं सांगा, गोळ्या घेता ना?”

“घेते गं बाई. तुझ्यासमोर तर घेते.”

त्या दुपारी लात्रा दारात आला तेव्हा खर्र असा आवाज एकदाच झाला.

*

मोजलं नाही.

त्या दुपारी तो सरळ चालत आला. दोन्ही पायांवर. अंगण ओलांडून तो अस्तिनीच्या खोलीकडे वळला, मागे न बघता. सुकर्ती जागी झाली ती रडत, आणि कितीतरी दिवसांनी सुखाने.

*

संध्याकाळी अस्तिनी सुईणबाईंकडून परतली आणि सासूच्या खाटेच्या कडेला बसली. ओठ पांढरे पडले होते.

“बाळाभोवतीचं पाणी फार कमी झालंय, मेमे. हालचालही मंदावलीय. आत्ताच तबानानला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. हे गाडी आणायला गेलेत.”

“अगं पण झालं काय?”

“त्या सारख्या विचारत होत्या, सूज-दुखण्याच्या गोळ्या घेतेस का? त्या थेट बाळापर्यंत जातात म्हणे. आता शेवटच्या महिन्यांत तर त्याच्या जिवावर बेततं. मी शपथ घेतली. म्हटलं, एकसुद्धा नाही.”

“मग दुसरं काही? कुणी झाडपाला दिला?”

“कुणी नाही. घरचंच खाते.” अस्तिनीने पोटावर दोन्ही हात ठेवले. “आणि बापांच्या तसबिरीपुढचा प्रसाद, दोन्ही वेळचा. घरातल्या थोरल्या बाईने खायचा असतो, पण तुम्ही पडून, म्हणून मीच तुमचा डोळा लागला की खायची. कडू लागायचा, मेमे, पण कण सोडला नाही. म्हटलं, ज्याच्यासाठी इतक्या मायेने ठेवता, त्याला पोचायलाच हवा.”