पैंजणाचा लाल दोरा

नव्या एसटीतून ईट गावाला उतरून ती घरी आली, तेव्हा दारातलं कुत्रं न भुंकता मागं सरकलं. आई लोकर कातत होती. सिनेमानटी झालेल्या लेकीला बघूनही तिचा हात थांबला नाही. “बाजारादिवशी भूमला तंबूत तुझा सिनेमा बघितला. तळ्यात बुडालीस. मग तुझा दहावा घातला आमी.” लेकीला हसू आलं. “आये, ते खोटं असतंय गं! खरं बुडालं ते नुसतं पायातलं पैंजण.” त्याची कडी तुटली म्हणून त्या सकाळी तिनंच लाल दोरा बांधला होता; शूटिंगनंतर तळ्यात गडी उतरवूनही ते सापडलं नव्हतं. आईनं पदराची गाठ सोडली आणि पैंजण पुढं धरलं. तोच लाल दोरा. “ह्या हातांनी शेवटचं न्हाऊ घातलं तुला, तवा काढून ठेवलं.” मायेनं विचारलं, “तुला कुणी सांगितलंच न्हाय का गं?”