बघत बसण्याचे पैसे

शिष्यवृत्ती समितीच्या टेबलावर संशोधक बाईंनी एक लाकडी पेटी ठेवली आणि चार वर्षांच्या लेकीला शेजारच्या खुर्चीत बसवलं. सांभाळणारी शेजारीण ऐन वेळी फिरकलीच नव्हती, त्यामुळे आज मुलाखतीला दोघी.

शिष्यवृत्ती हुकली, तर संशोधन गुंडाळून सोमवारपासून दिरांच्या फरशीच्या दुकानात बिलं फाडायची, असं घरी ठरलं होतं. दीर मोठ्या मनाचे. त्यांनी खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.

"विषय काय म्हणालात?" अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला.

"शहरातल्या दाट वस्त्यांमधली लहान मुलं कशी शिकतात, ते. एका खोलीत सात-आठ माणसं असतात. मुलाच्या हातात ही बंद पेटी द्यायची आणि बघत बसायचं. नियम एकच, मोठ्यांनी मदत करायची नाही."

"बघत बसायचं?" अर्थतज्ज्ञ सदस्य म्हणाले. "आणि त्याचे आम्ही पैसे द्यायचे?"

"मोठ्यांना तेच जमत नाही, सर."

"अहो, त्यापेक्षा अक्षरं शिकवा त्यांना. पेटी काय, कुणीही उघडेल," असं म्हणत अध्यक्षांनी पेटी पुढ्यात ओढली आणि झाकण खेचलं. ते हललं नाही. मग नखाने. मग स्कूटरच्या किल्लीने.

"आणा इकडे, तुमचं काम नाही ते." अर्थतज्ज्ञांनी पेटी कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खडखडलं. "काय आहे हो आत?"

बाईंनी वही उघडून वेळ टिपली.

बालशिक्षणावर जाडजूड पुस्तकं लिहिलेल्या मॅडम इतका वेळ नुसत्या हसत होत्या. आता त्या टेबलाला वळसा घालून आल्या. "खालून बघा. तशी नाही, आडवी धरा. अहो, द्या ना मेली इकडे!"

शिपायाने दार किलकिलं केलं. "पुढच्या उमेदवाराला पाठवू?"

"थांबायला सांगा!" तिघंही एकदम ओरडले. तीन डोकी पुन्हा पेटीवर वाकली.

लेक हनुवटीला हात लावून हे सगळं बघत होती. झाकण आधी आत दाबायचं, मगच ते वर येतं, हे तिला घरी खेळताना केव्हाच सापडलं होतं. ती आईच्या कानाशी लागली.

"आई, सांगू का गं त्यांना?"

"नाही हं," आई कुजबुजली. "बघत बस."