फुली वर
कासवांच्या केंद्रातला उबवणीचा दिवा बिघडला, म्हणून सुनेने अंडी घरीच आणली आणि प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारून, फुली वर राहील अशी वाळूत ठेवली. बाहेरगावचं काम उरकून परतली, तर सगळ्या फुल्या खाली. "रोज फिरवते हो मी," जन्मभर कोंबड्या पाळलेल्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं." सून वाळूपाशी वाकली. "आई, कासवाचं पिल्लू चिकटूनच वाढतं. अंडं फिरवलं की गुदमरतं." सासूबाई वाळूपासून मागे सरकल्या. "मारलीच की गं मी सगळी." सुनेने खोलीत अंधार करून पहिल्या अंड्यामागे टॉर्च धरला. बराच वेळ नुसताच पिवळा उजेड. मग कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. "आई, हे जगलंय. या ना बघायला." सासूबाई आल्या, पण दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून. "बाकीची बघ."