तांबडी रेघ

“बारा वर्षं चाललं की हे नाव! आता काय धाड भरली त्याला?” परचुरे सर चहाच्या कपात पुटपुटले. शेजारी बसलेल्या हेमांगीने ऐकूच न आल्यासारखं दाखवलं.

मराठी शुद्धलेखन तपासणारं सरांचं सॉफ्टवेअर ‘शुध्दाक्षर’ फुकट होतं, कुणीही सुधारावं असं खुलं होतं. आता ते शाळाशाळांत जाणार, म्हणून त्यात हातभार लावणारी मंडळी नवं नाव ठरवायला सरांच्याच घरी जमली होती. कुणी म्हणे नाव जुनाट वाटतं, कुणी म्हणे लांब आहे. खरी गोष्ट अशी, की नाव टाइप केलं की ‘शुध्दाक्षर’ स्वतःच त्याखाली तांबडी रेघ मारायचं. ज्या सरांनी आपल्याला प्रोग्रॅमिंग शिकवलं त्यांचं मन कसं मोडायचं, म्हणून हेमांगीने तो शब्द गुपचूप ‘बरोबर’च्या यादीत घातला होता.

“अरे, एकाने तरी खरं कारण सांगा!” सर कडाडले. सगळे चकल्यांकडे बघत बसले.

“अहो, ‘द’ला ‘ध’ जोडतात, ‘ध’ला ‘द’ नाही,” काकू म्हणाल्या. “आपल्या लग्नपत्रिकेतही तुम्ही वैशाख ‘शुध्द’ पंचमीच छापली होतीत. माणूस बरा वाटला, म्हणून गप्प बसले.”